विमानाचं इमर्जन्सी लँडिंग: पट्टा बांधल्यापासून मोकळ्या जागेत पोहोचेपर्यंत

विमान उड्डाणासाठी धावायला लागलं की दाराजवळच्या घडीच्या सीटवर बसलेल्या क्रूकडे एकदा नीट बघा. पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले, तळहात बहुतेक वेळा मांड्यांखाली दाबलेले. कोणाशी बोलणं नाही. त्या तीसेक सेकंदांत त्यांची मनातल्या मनात उजळणी चाललेली असते: आत्ता काही झालं तर धक्क्यासाठी अंग कसं सावरायचं, माझं दार कोणतं, ते कसं उघडतं, बाहेर आधी काय बघायचं, ओरडून पहिला शब्द कोणता द्यायचा, समोरच्यांपैकी मदतीला कोण येईल. याला सायलेंट रिव्ह्यू म्हणतात. वीस वर्षं नोकरी झालेला माणूसही प्रत्येक उड्डाणाला आणि प्रत्येक लँडिंगला तो करतो.

प्रवाशानेही नेमकं हेच करायचं आहे. आणीबाणीत शांत राहणं हा स्वभावाचा भाग आहे असं लोक समजतात. प्रत्यक्षात पुढचं काम आधीच ठरलेलं असेल तर हात आपोआप चालतात, आणि हात चालायला लागले की डोकंही ताळ्यावर येतं. अशा वेळी आरडाओरड आणि चेंगराचेंगरीपेक्षा जास्त दिसणारा प्रकार म्हणजे माणूस खिळल्यासारखा बसून राहतो. कोणी तरी काही तरी सांगेल याची वाट बघत. त्याला उठवतं ते आधी ठरवून ठेवलेलं एखादं साधं वाक्य. ‘पट्टा काढायचा, मागे सहा रांगा, उजवीकडे दार.’

आणि हे करण्यात अर्थ आहे. अमेरिकेतल्या अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेने १९८३ ते २००० या काळातल्या तिथल्या प्रवासी विमान अपघातांचा हिशेब मांडला, तेव्हा त्या विमानांतले ९५.७ टक्के लोक वाचले असल्याचं दिसलं. ‘विमानाला काही झालं म्हणजे सगळं संपलं’ ही समजूत खोटी तर आहेच, शिवाय घातकही आहे, कारण ती डोक्यात असलेला माणूस सुरक्षेचं कार्ड उघडून बघत नाही.

कोणती आणीबाणी खरी

बातमीत ‘इमर्जन्सी लँडिंग’ एवढंच छापून येतं. वैमानिकाच्या भाषेत त्याच्या दोन पायऱ्या आहेत. ‘पॅन-पॅन’ तीनदा म्हटलं तर अडचण आहे, प्राधान्य हवंय, पण जिवाला तत्काळ धोका नाही. ‘मेडे’ तीनदा म्हटलं तर धोका गंभीर आहे. दोन्हीत विमानतळ सज्ज होतो. त्यामुळे खिडकीतून धावपट्टीशेजारी अग्निशमनच्या गाड्या उभ्या दिसल्या तर त्या तिथे असणं हीच पद्धत आहे. उतरल्यावर त्या विमानामागे धावत येतात आणि कधी कधी नुसते तापलेले ब्रेक तपासून परत जातात.

विमान हवेत तासन् तास घिरट्या घालायला लागलं की केबिनमध्ये सगळ्यात जास्त घबराट पसरते. ११ ऑक्टोबर २०२४ ला तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेलं बोइंग ७३७ हायड्रॉलिक यंत्रणेतल्या बिघाडामुळे दोन तासांहून जास्त वेळ आकाशात फिरत राहिलं आणि मग सुखरूप उतरलं. कारण सरळ आहे. उड्डाणाच्या वेळी टाक्यांत प्रवासाचं इंधन भरलेलं असतं आणि विमान अनेकदा उतरण्याच्या कमाल वजनापेक्षा जड असतं. मोठ्या लांब पल्ल्याच्या अनेक विमानांना इंधन हवेत सोडता येतं, पण देशांतर्गत मार्गांवरच्या बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० ना ती सोय नसते. ते जाळूनच कमी करावं लागतं. म्हणजे घिरट्या चालू असणं याचा अर्थ वैमानिकाकडे वेळ आहे. आग लागली असती तर तो वजनाचा विचार न करता लगेच खाली आला असता.

दोन गोष्टींनी तर घाबरून जाऊच नये. लँडिंगच्या तोंडावर विमान अचानक वर उचललं जातं तो गो-अराउंड, पावसाळ्यात मुंबईला हे नेहमीचं आहे. आणि एक इंजिन बंद पडणं: दोन इंजिनांचं विमान एकावर उडावं आणि उतरावं अशाच रीतीने बांधलेलं असतं. पक्षी इंजिनात गेला तर तोफेसारखा आवाज आणि ज्वाळेचा झोत दिसू शकतो. भीती वाटणारच, पण विमान उडत राहतं.

घरून निघताना

कपड्यांकडे कोणी लक्ष देत नाही. नायलॉन, जॉर्जेट, शिफॉन आगीत वितळून कातडीला चिकटतात. सुती कापडाचं तसं होत नाही. पूर्ण बाह्या, पूर्ण पाय झाकणारे कपडे घाला. साडी नेसून प्रवास करायचा असेल तर सुती नेसा आणि पदराला लावायची पिन पर्समध्ये न ठेवता अंगावर ठेवा. पायात बंद, सपाट तळव्याचे बूट. चपला आणि मोजड्या पहिल्याच धक्क्यात निघतात, मग फुटक्या काचेवरून आणि तापलेल्या पत्र्यावरून अनवाणी चालावं लागतं. लांबच्या उड्डाणात बूट काढून बसलात तरी उतरायला सुरुवात झाली की ते परत घाला. उड्डाणानंतरची पहिली तीन मिनिटं आणि उतरण्याआधीची शेवटची आठ मिनिटं ही जास्त जोखमीची मानतात. या अकरा मिनिटांत पायात बूट, कानातले इअरफोन बाहेर, डोळे उघडे.

पासपोर्ट, फोन आणि रोजच्या गोळ्या अंगावरच्या खिशात किंवा कमरेला बांधायच्या छोट्या चपट्या पाऊचमध्ये. हा सल्ला बॅगेच्या मोहाशी जोडलेला आहे. ज्याची कागदपत्रं वरच्या कप्प्यात असतात तो उठल्यावर आधी कप्प्याकडे हात नेतो. अमेरिकेत किंवा युरोपात मुलांकडे निघालेल्या आईबाबांच्या बाबतीत हे नक्की करा, कारण त्यांची सगळी औषधं आणि कागदपत्रं एकाच हँडबॅगेत कोंबलेली असतात.

पॉवर बँक आणि सुटी लिथियम बॅटरी केबिनच्या सामानातच ठेवायची, चेक-इन बॅगेत नाही. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागेपुढे करू नका, क्रूला बोलवा. सीटच्या यंत्रणेत फोन चिरडला गेला की बॅटरी पेटते.

जागेवर बसल्यावरची दोन मिनिटं

आधी दारं शोधा. पुढचं सगळ्यात जवळचं आणि मागचं सगळ्यात जवळचं, दोन्ही. मग रांगा मोजा. नुसत्या नजरेने नको. चालत जागेवर येताना सीटच्या पाठीला बोटं लावत या, कारण खरी वेळ आली तर धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो आणि याच बोटांनी मोजत बाहेर पडायचं असतं. छताजवळचे ‘एक्झिट’चे दिवे धुरात सर्वांत आधी दिसेनासे होतात. म्हणूनच वाटेच्या कडेला जमिनीवर चमकणाऱ्या पट्ट्या किंवा दिवे असतात. लोक दिशा चुकतात ते एका खोडीमुळे: ज्या दाराने आत आलो त्याच दाराकडे जायचं. ते दार दहा रांगा पुढे असतं आणि पंखावरचं दार दोनच रांगा मागे.

पट्टा. तो पोटावर बांधायचा नाही, कमरेच्या हाडांवर खाली सरकवून घट्ट ओढायचा. पोटावरचा पट्टा धक्क्यात आतड्यांना इजा करतो आणि सैल पट्ट्याखालून शरीर पुढे घसरतं. गरोदर बाईने पोटाच्या खाली, मांड्यांच्या वरच्या टोकाला. आता तो दोनदा उघडून परत लावा. हसू येईल, पण करा. गाडीतला पट्टा बटण दाबून सुटतो. विमानातला वरची झडप उचलून सुटतो. घाबरलेली बोटं सवयीने बटण शोधत राहतात आणि पट्टा सुटत नाही. बोटांना एकदा आठवण दिली की ती चूक टळते.

सीटखाली हात घालून लाइफ जॅकेटची पिशवी लागते का बघा. कार्ड प्रत्येक वेळी वाचा. विमान बदललं की दार उघडण्याची पद्धतही बदलते: ए३२० च्या पंखावरच्या दाराची झडप साधारण पंधरा किलोची असते, ती उचलून बाहेर फेकायची असते. ७३७-८०० ची तीच झडप बिजागरीवर वर उघडते. २२ ऑगस्ट १९८५ ला मँचेस्टरला एका ७३७ ला उड्डाणाच्या धावेतच आग लागली. पंखावरची जड झडप सुटून आत, सीटवर बसलेल्या प्रवाशाच्या अंगावर पडली आणि वाट अडली. ५५ माणसं गेली, बहुतेक धुराने. एक्झिट रोमध्ये, म्हणजे आणीबाणीच्या दारालगतच्या रांगेत, पाय पसरायला जागा मिळते म्हणून सीट घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. त्या जागेबरोबर काम येतं. ते जमणार नसेल तर निघण्यापूर्वी क्रूला सांगा, ते लगेच सीट बदलून देतात.

उतरताना सीट सरळ, ट्रे बंद, पडदे वर, दिवे मंद, या सूचनांचा कंटाळा येतो. मागे झुकलेल्या सीटमुळे मागच्या माणसाला वाकता येत नाही आणि बाहेरही पडता येत नाही. उघडा ट्रे पोटात घुसतो. पडदे वर असले तर कोणत्या बाजूला आग आहे ते आतून दिसतं. दिवे मंद केल्याने डोळे अंधाराला सरावतात. समोरच्या सीटखाली ठेवलेल्या बॅगेचा पट्टा बाहेर लोंबत असेल तर तोही आत सारा, त्यात पाय अडकतो.

मास्क खाली पडले तर

केबिनमधला हवेचा दाब साधारण १४,००० फुटांवर असतो तितका उतरला की मास्क आपोआप पडतात. ३५,००० फुटांवर हवा गेली तर माणूस शुद्धीवर असूनही नीट विचार करू शकतो तो वेळ जेमतेम अर्धा ते एक मिनिट. म्हणून आधी स्वतःचा मास्क, मग पोराचा. आईबापाला हे पटत नाही, पण मास्क लावलेली आई बेशुद्ध पोराला मास्क लावू शकते. पोर बेशुद्ध आईला लावू शकत नाही.

मास्क जोराने स्वतःकडे ओढा. ओढल्याशिवाय बहुतेक विमानांत ऑक्सिजन सुरूच होत नाही. नाक आणि तोंड दोन्ही झाका. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो, काढू नका. जळका वास येईल, कारण वरच्या डब्यात रासायनिक क्रियेने ऑक्सिजन तयार होतो आणि तो डबा तापतो. ती आग नव्हे. हा पुरवठा साधारण बारा ते पंधरा मिनिटांचा असतो आणि तेवढा पुरतो, कारण वैमानिक विमान झपाट्याने १०,००० फुटांवर आणतो, जिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. नाक खाली गेलेलं, इंजिनांचा आवाज मंदावलेला, पंख थरथरतायत, अशा त्या चार-पाच मिनिटांत विमान कोसळतंय असं वाटतं. ते ठरवून खाली येत असतं.

घोषणा झाली की

आधी कळलेल्या आणीबाणीत क्रूला कॉकपिटमधून चार गोष्टी कळतात: काय बिघडलंय, काय करणार, किती वेळ आहे, खास सूचना कोणत्या. मग ते केबिनमध्ये येऊन तयारी करून घेतात. या काळात त्यांच्याशी वाद घालू नका, व्हिडिओ काढू नका, फोन करायला उठू नका. धारदार वस्तू, पेन, चष्मा काढा आणि जाकिटाच्या बाजूच्या खिशात किंवा मोज्यात ठेवा. समोरच्या सीटच्या खिशात नको, डोकं तिथेच आपटतं. कवळी असेल तर काढून ठेवा. उंच टाचा काढा. पदर पिनने बसवा आणि कमरेला घट्ट खोचा, ओढणी काढून टाका. स्वेटर, जाकीट असेल तर अंगात घाला.

भीतीचा उपाय श्वासात आहे. नाकाने चार मोजत आत, तोंडाने आठ मोजत बाहेर, पाच वेळा. लांब उच्छ्वासाने नाडीचा वेग उतरतो. रामरक्षा येत असेल, नामस्मरण करत असाल तर सावकाश म्हणा, तोही लयीचा श्वासच आहे. त्यानंतर लगेच आपलं वाक्य: पट्टा, रांगा, दार, बॅग नाही. शेजारी कोणी रडत असेल तर त्याला काम द्या. ‘तुम्ही मागच्या दारापर्यंतच्या रांगा मोजून मला सांगा.’ काम मिळालं की माणूस सावरतो.

धक्क्याची मुद्रा

‘ब्रेस’ हा शब्द ऐकला की वाकायचं. कार्डावरचं चित्र त्या विमानाचं असतं, तेच आधी पाळा. सर्वसाधारण पद्धत अशी. पट्टा आणखी घट्ट. समोर सीट असेल तर पुढे झुकून कपाळाच्या वरचा भाग तिच्या पाठीला टेकवा. हात डोक्याच्या मागच्या बाजूला, एकावर एक, कोपरं अंगाशी. बोटांत बोटं अडकवू नका. वरून सामान पडलं तर गुंतलेली बोटं एकदम मोडतात आणि मोडक्या बोटांनी पट्टा उघडत नाही. ज्या हाताने लिहिता तो खाली ठेवा, वरचा हात मार खाईल आणि खालचा वाचेल. पावलं सपाट, गुडघ्यांच्या किंचित मागे ओढलेली. पाय पुढे सोडले तर धक्क्याने ते वर उडतात, नडग्या समोरच्या सीटच्या दांड्यावर आदळून मोडतात, आणि पाय मोडलेला माणूस आगीतून चालत बाहेर पडू शकत नाही. ८ जानेवारी १९८९ च्या केगवर्थच्या अपघातात, इंग्लंडमध्ये, वाचलेल्यांपैकी पुष्कळांना डोक्याच्या आणि पायांच्या जबर दुखापती झाल्या होत्या. त्यांच्या अभ्यासातून ही मुद्रा आजच्या रूपात आली.

समोर सीट नसेल किंवा ती फार लांब असेल तर पूर्ण वाका, छाती मांड्यांवर, हातांनी पाय घट्ट धरा. पोट आड येत असेल तर जितकं वाकता येईल तितकं. मांडीवर बाळ असेल तर त्याच्या डोक्यामागे एक हात, दुसऱ्या हाताने त्याला छातीशी घट्ट आवळून वर वाका. क्रूने बाळासाठी वेगळा पट्टा दिला असेल तर तो वापरा, पण आपला आणि बाळाचा मिळून एकच पट्टा कधीही नको. तुमचं वजन बाळावर येतं.

एक धक्का बसला म्हणजे संपलं नाही. विमान उसळतं, घसरतं, परत आपटतं. पूर्ण थांबेपर्यंत डोकं वर काढू नका. ६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोला आपटलेल्या बोइंग ७७७ मधून ज्या दोन मुली बाहेर फेकल्या गेल्या त्यांनी पट्टे बांधलेले नव्हते. विमानातल्या ३०७ पैकी ३०४ लोक वाचले.

थांबल्यावर

लगेच उभं राहू नका. आदेश ऐका. ‘रिमेन सीटेड’ म्हटलं तर बसून राहायचं, कारण इंजिनं चालू असतील तर बाहेर पडणारा माणूस त्यांच्या तोंडी जातो. ‘इव्हॅक्युएट’ म्हटलं तर एक क्षणही बसायचं नाही. विमानाला परवाना मिळताना अंधारात, निम्मी दारं बंद ठेवून, ९० सेकंदांत सगळे बाहेर पडतात हे दाखवावं लागतं. त्या चाचणीत कोणी वरून सूटकेस उतरवत नाही.

बॅगेबद्दल आमचं मत ठाम आहे. एकही बॅग नाही, लॅपटॉप नाही, ड्युटी फ्रीची पिशवी नाही. एक माणूस कप्पा उघडून बॅग काढतो तेव्हा त्याच्यामागची अख्खी वाट थांबते. बॅगेचं चाक दारातून खाली उतरायच्या फुगवलेल्या घसरगुंडीचं कापड फाडतं, आणि ती फाटली की ते दार सगळ्यांसाठी बंद. ३ ऑगस्ट २०१६ ला तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेल्या ७७७ मध्ये लोक कप्प्यांतून बॅगा काढताना चित्रित झाले. विमानातले सगळे ३०० जण बाहेर पडले, आणि काही मिनिटांत स्फोट झाला. त्यात आग विझवायला आलेला अग्निशमन जवान गेला. याच्या उलट २ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा. धावपट्टीवर दुसऱ्या विमानावर आदळून ए३५० पेटलं, घोषणेची यंत्रणा बंद पडली, आठ दारांपैकी तीनच वापरता आली. क्रूने मेगाफोनवरून आणि ओरडून सूचना दिल्या, लोकांनी सामान जागेवर सोडलं, आणि ३७९ च्या ३७९ जण बाहेर आले. पुढे ते विमान जळून कोळसा झालं.

धूर असेल तर वाका, डोकं सीटच्या हाताच्या उंचीला आणा. पूर्ण रांगू नका, मागून येणारे तुडवतील. रुमाल ओला करून नाकातोंडावर धरा. त्याने काजळी अडते, पण विषारी वायू अडत नाहीत. सीटचा फोम आणि प्लास्टिक जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड निघतं, म्हणून रुमालाच्या भरवशावर थांबू नका. बोटांनी सीट मोजत चला. जवळच्या दाराबाहेर ज्वाळा दिसत असतील तर ते उघडू नका, दुसऱ्याकडे वळा. दोन दारं शोधून ठेवली होती ती याचसाठी.

घसरगुंडीवर बसायचं नसतं, उडी मारायची असते. दाराच्या कडेवर बसून सरकायला गेलं की मागची रांग अडते. हात क्रूने दाखवल्याप्रमाणे छातीवर किंवा समोर, पाय जुळलेले, पाठ सरळ. साडी असेल तर दारापाशी येईपर्यंत निऱ्या एका हातात गोळा करून वर धरा. खाली पोहोचताच उठून बाजूला पळा, मागचा माणूस एक-दोन सेकंदांत तुमच्या पाठीवर येणार असतो. घोटे मुरगळतात, कोपरं सोलवटतात, ते होऊ द्या. पंखावरून बाहेर पडलात तर पंखावर रंगवलेल्या बाणाच्या दिशेने, शेपटीकडच्या कडेला जायचं. ए३२० ला तिथे घसरगुंडी असते. ७३७ ला नसते, पंखाच्या मागच्या कडेच्या खाली झुकलेल्या फ्लॅपवरून (हलणाऱ्या फळीवरून) घसरत उतरावं लागतं.

छोट्या शहरांच्या मार्गांवर एटीआर, म्हणजे पंख्यांवर चालणारी छोटी विमानं असतात. त्यांचं चढायचं दार मागे असतं आणि पुढे दोन्ही बाजूंना आणीबाणीच्या झडपा. पुढच्या रांगांतल्यांनी हे आधीच बघून ठेवायला हवं, नाही तर सगळी गर्दी मागे लोटते. विमान जमिनीलगत असल्याने घसरगुंडी नसते. झडपेतून आधी एक पाय बाहेर, मग डोकं, मग दुसरा पाय. बाहेर आल्यावर पंख्यांपासून दूर, ते थांबलेले दिसले तरी.

पाण्यावर उतरलात तर

मुंबई-गोवा मार्ग समुद्राला चिकटून जातो, म्हणून हे माहीत असावं. लाइफ जॅकेट घाला, पट्टा कमरेला बांधा, पण विमानाच्या आत फुगवू नका. २३ नोव्हेंबर १९९६ ला अपहरण झालेलं बोइंग ७६७ इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात पडलं. आत जॅकेट फुगवलेले कित्येक प्रवासी पाणी भरताच छताला जाऊन टेकले आणि खाली बुडालेल्या दारातून त्यांना बाहेर पडता आलं नाही. फुगवायचं ते दाराच्या उंबऱ्यावर, बाहेर पडता पडता. लाल मुठी खाली ओढा. फुगलं नाही तर बाजूच्या नळीत तोंडाने हवा भरा. मागची दारं पाण्याखाली असू शकतात, म्हणून क्रू जी दाखवेल तीच. १५ जानेवारी २००९ ला हडसन नदीत उतरलेल्या ए३२० चे सगळे १५५ जण पंखांवर आणि घसरगुंड्यांवर उभे राहून वाचले. पाण्यात पडलात तर गुडघे छातीशी घ्या, एकमेकांना बिलगून राहा. शरीराची ऊब टिकते.

ज्येष्ठ आणि मुलं

गुडघे बदललेले, व्हीलचेअर घेणारे आजीआजोबा एकटे प्रवास करत असतील तर चढतानाच क्रूला सांगून ठेवा की त्यांना उडी मारता येणार नाही. क्रू अशा वेळी शेजारच्या धडधाकट माणसाला मदतनीस नेमतो. त्यांना इंग्रजी कळत नसेल तर तीनच शब्द घरी पाठ करून घ्या: ‘ब्रेस’ म्हणजे वाका, ‘इव्हॅक्युएट’ म्हणजे निघा, ‘जंप’ म्हणजे उडी. त्यांनी हे एकदा खुर्चीत बसून, वाकून करून बघितलं तर फार बरं.

मुलं वेगवेगळ्या रांगांत बसली असतील तर कोणी कोणाला घ्यायचं ते उड्डाणाआधी ठरवा. चार माणसांचं कुटुंब असेल तर एका मोठ्या माणसाकडे एक मूल. उलट्या दिशेने कोणाला शोधायला जायचं नाही, बाहेर भेटायचं. घसरगुंडीवर बाळाला छातीशी धरून, त्याच्या डोक्यामागे हात ठेवून उडी.

बाहेर पडल्यावर

वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे धूर ज्या दिशेला जातोय त्याच्या उलट, निदान शंभर मीटर दूर जा. धावपट्टी ओलांडू नका. आगीच्या गाड्या फेसाने भरलेल्या जमिनीवरून वेगाने येतात आणि चालकाला खाली पडलेला माणूस दिसत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या अपघातात असं घडलं आहे. म्हणून झोपू नका, उभे राहा, हात वर करून हलवा. सिगारेट, लायटर नाही, इंधन सांडलेलं असतं. सगळे एकत्र उभे राहा आणि आपल्या रांगेतले चेहरे मोजा. कोणी कमी असेल तर ते क्रूला किंवा अग्निशमनच्या माणसाला सांगा, कोणता सीट क्रमांक तेही सांगा. परत आत जाऊ नका.

बरं वाटत असलं तरी तपासून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. धूर छातीत गेला असेल तर खोकला आणि श्वास लागणं काही तासांनीही सुरू होतं. डॉक्टरांना ‘धुरात किती वेळ होतो’ हे नीट सांगा. मानेचं आणि कमरेचं दुखणं दुसऱ्या दिवशी वर येतं. झोप न लागणं, आवाजाने दचकणं पहिले काही दिवस चालतं. ते महिनाभरानंतरही सुटलं नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.